डाग, उजाळा आणि बट्टा : चांदीच्या नाण्यांच्या प्रतवारीपूर्व स्वच्छतेची चिकित्सा (बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

चांदीच्या जुन्या नाण्यांवरील डाग व्यावसायिक प्रतवारीपूर्वी काढावेत की नाहीत, हा प्रश्न साधारणतः रसायनांच्या निवडीचा समजला जातो. प्रस्तुत लेखात तो मूल्यनिर्णयाचा प्रश्न म्हणून तपासला आहे. डाग नाण्यावर बाहेरून बसलेला आहे की नाण्याच्या धातूतूनच उद्भवला आहे, हा भेद ओळखल्याशिवाय कोणताही उपाय योग्य ठरत नाही. सराफी उजाळा आणि आंतरराष्ट्रीय प्रतवारी या दोन्ही पद्धती हा भेद आपापल्या सोयीने पाहतात आणि दोहोंमध्येही नाण्याच्या स्थानिक इतिहासाची उपेक्षा होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : नाणकशास्त्र, चांदीचा रुपया, डाग, उजाळा, प्रतवारी, खारपाणपट्टा, निखात निधी.

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव हे गाव दोन व्यापारांमुळे ओळखले जाते. कापसाच्या बाजारपेठेने त्याला एकोणिसाव्या शतकात नाव मिळवून दिले. १८७० मध्ये सुरू झालेला जलंब-खामगाव लोहमार्ग मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी होता. चांदीच्या शुद्धतेच्या लौकिकामुळे पुढे त्याला 'रजतनगरी' हे नाव पडले. या दोन व्यापारांतील दोन शब्द येथील जनव्यवहारात मुरलेले आहेत. 'प्रतवारी' हा कापूसबाजारातला नित्याचा शब्द, तर 'उजाळा' हा सराफाच्या पेढीवरचा. जुन्या नाण्यांचा संग्रह हा छंदाबरोबरच व्यापारही झाल्यापासून हे दोन्ही शब्द एकाच वस्तूवर येऊन आदळले आहेत. घरातील राणीछाप रुपयाला उजाळा दिला तर त्याची प्रत वाढेल, ही समजूत त्यातूनच निर्माण झाली. चांदी जितकी पांढरी तितकी खरी, हा सराफकट्ट्यावरचा अनुभव नाण्यालाही लागू पडतो, असे घरोघरी गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती बहुतांशी याच्या उलट आहे. घासून चकचकीत केलेले नाणे नाणकशास्त्राच्या दृष्टीने हानी पावलेले असते आणि प्रतवारीतही ते खालीच जाते.

तथापि 'नाणे स्वच्छ करू नये' एवढ्या निषेधाने विषय संपत नाही. काही डाग राहू दिल्यास ते नाणे खात राहतात. काही डाग काढल्यास नाण्याबरोबर त्याचा पुरावाही जातो. म्हणून या प्रश्नाची चिकित्सा डागाचे स्वरूप, उपायांची परंपरा, प्रतवारीची मोजपट्टी आणि कायदा अशा चार अंगांनी करणे आवश्यक ठरते.

१. 'डाग' आणि 'बट्टा' : शब्दांतील साक्ष

मराठीत 'डाग' या शब्दाला कलंकाचा अर्थ आहे, तसाच दागिन्याचाही आहे. 'अडचणीत घरातले चार डाग मोडले' असे ग्रामीण बोलीत सहज म्हटले जाते. 'डागडागिने' हा जोडशब्दही याच अर्थाचा. एकाच शब्दाने दोष आणि धन या दोहोंचा निर्देश व्हावा, हा योगायोग असला तरी नाण्यांच्या संदर्भात तो अर्थपूर्ण आहे.

'बट्टा' हा शब्द तर थेट नाण्यांच्या व्यवहारातून आलेला आहे. एकछत्री चलन येण्यापूर्वी दख्खनमध्ये निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. परक्या टांकसाळीचा, झिजलेला किंवा जुन्या सालाचा रुपया सराफ पूर्ण किमतीने स्वीकारत नसे. त्यावर जी कपात होई ती 'बट्टा'. 'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. नाण्याचे मूल्य पृष्ठभागावरून आणि वजनावरून ठरविण्याची रीत येथे नवी नाही, हे यावरून स्पष्ट होते. आजची व्यावसायिक प्रतवारी हे बट्ट्याचेच प्रगत रूप म्हणता येईल. फरक इतकाच की सराफ धातू पाहत असे आणि प्रतवारी करणारा पृष्ठभाग पाहतो.

२. डागांचे स्वरूप

चांदी हवेतील प्राणवायूने सहसा गंजत नाही. ती काळवंडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. हवेतील अत्यल्प हायड्रोजन सल्फाइडही चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढवते. थर अतिशय पातळ असताना नाणे सोनेरी दिसते. जाडी वाढेल तसा तो तांबूस, जांभळट, निळसर आणि अखेर काळा होतो. चुलीचा धूर, कांदा, हिंग, लोकरी कापड आणि रबर यांतून गंधक मिळते. रुपयांच्या चळतीला रबरबँड लावून ठेवल्यास कडांवर सरळ काळी रेघ उमटते, तिचे कारण रबरात मिसळलेले गंधक होय. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा काळेपणा नाण्यावर बाहेरून बसलेली घाण नसून त्यात नाण्याचीच चांदी असते. तो काढणे म्हणजे नाण्याचा वरचा थर काढणे होय.

दुसरा प्रकार मिश्रधातूतील तांब्यामुळे उद्भवतो. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि अकरा-बारांश शुद्धतेचा ठरविण्यात आला. राणीछाप आणि राजाछाप रुपयांत त्यामुळे सुमारे आठ टक्के अन्य धातू, मुख्यतः तांबे, असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि उरलेल्या भागात तांबे, निकेल व जस्त मिसळले गेले. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा आहे. ओल, दह्यातील आम्ल किंवा क्षार लागल्यास तांब्याचे अंश पृष्ठभागावर तांबूस वा हिरवे डाग उमटवतात. १९४० नंतरचा रुपया लवकर पिवळट-तपकिरी होतो तो याच कारणाने. दोन्ही रुपयांना एकच उपाय लावणे त्यामुळे चुकीचे ठरते.

तिसरा प्रकार जमिनीत पुरलेल्या नाण्यांचा असून बुलढाणा जिल्ह्याच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा आहे. जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर हा घाटावरचा भाग, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा, म्हणजे जुन्या वऱ्हाडी परिभाषेतील पयनघाट. पयनघाटात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील मोठा पट्टा 'खारपाणपट्टा' म्हणून ओळखला जातो. तेथील भूजल व माती क्षारयुक्त आहे. क्षारांतील क्लोराइडमुळे पुरलेल्या चांदीवर सिल्व्हर क्लोराइडचा करडा-जांभळट, मेणासारखा थर तयार होतो. दीर्घकाळ पुरलेल्या नाण्यात अक्षरांचा उठाव कित्येकदा धातूत न उरता या थरातच उरलेला असतो. तो खरवडला की नाव, साल आणि टांकसाळ ही तिन्ही एकदम नाहीशी होतात. सातपुड्यापलीकडील बुऱ्हाणपूर ही मोगलांची महत्त्वाची टांकसाळ होती. तेथील रुपयांवर टांकसाळीचे नाव नाण्याच्या कडेला अर्धवट उमटलेले असणे नेहमीचे आहे. अशा नाण्यावर एक अक्षर जाणे म्हणजे त्याची ओळख जाणे होय.

चौथा प्रकार पूर्णतः बाहेरचा. लक्ष्मीपूजनाला वऱ्हाडातील असंख्य घरांत चांदीचे रुपये पाटावर मांडले जातात. त्यांना पंचामृताने स्नान घातले जाते, हळद-कुंकू वाहिले जाते. वर्षानुवर्षांचे तेल, कुंकू आणि दुधाचे अंश अक्षरांच्या खाचांत साचतात. याच प्रकारात आधुनिक डागही मोडतात. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटांतील तैलद्रव्य काही वर्षांनी नाण्यावर हिरवट, चिकट थर सोडते आणि पुढे नाण्याच्या धातूवरही परिणाम करते.

या चारींहून निराळा असा पांढरा दुधट ठिपका हल्लीच्या ९९९ शुद्धतेच्या नाण्यांवर दिसतो. टांकसाळीत नाणे पाडण्यापूर्वी धातूच्या चकत्यांवर राहिलेल्या द्रव्यांमुळे तो उद्भवतो, असे सामान्यतः मानले जाते. कॅनडाच्या शाही टांकसाळीने २०१८ मध्ये आपल्या चांदीच्या नाण्यांसाठी त्यावर प्रतिबंधक प्रक्रिया जाहीर केली. धनत्रयोदशीला घेतलेल्या नव्या नाण्यावर असा ठिपका आढळल्यास तो भेसळीचा पुरावा ठरत नाही, हे ग्राहकाने जाणून घेणे हिताचे आहे.

३. उजाळ्याची परंपरा आणि तिच्या मर्यादा

दागिना आणि नाणे या दोन भिन्न वस्तू आहेत. दागिना वापरासाठी असतो. तो मळतो, उजळला जातो, मोडून पुन्हा घडविला जातो. रिठ्याच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुणे, चिंच-लिंबू लावणे, राखेने वा रांगोळीने घासणे, पितळी ब्रश फिरविणे हे सर्व उपाय त्या वापराला अनुसरून आहेत. दागिन्यापुरते ते समर्थनीयही आहेत. नाण्याचा पृष्ठभाग मात्र एकदाच घडतो. ठसा बसताना धातू केंद्राकडून कडेकडे सरकतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. नाणे प्रकाशात फिरविले असता चाकाच्या आऱ्यांप्रमाणे जी चमक फिरते ती या रेषांमुळे. राखेच्या वा दंतमंजनाच्या कणांनी त्या घासल्या गेल्या की चमक जाते आणि तिच्या जागी ओरखड्यांचा चकचकाट येतो. अनभिज्ञ माणसाला तो अधिक आकर्षक वाटतो, परंतु गेलेल्या रेषा कोणत्याही उपायाने परत येत नाहीत.

रासायनिक उपायांची स्थिती याहून फार निराळी नाही. बाजारात मिळणारी चांदी उजळण्याची अनेक द्रावणे आम्लयुक्त थायोयुरियाची असतात. ती सल्फाइड विरघळवतात, म्हणजेच त्यात अडकलेली नाण्याची चांदीही नेतात. एकदा बुडविल्याने होणारी हानी तराजूला कळत नाही. पुन्हा पुन्हा बुडविल्यावर ती डोळ्याला कळते, कारण नाणे निर्जीव पांढरे दिसू लागते. अॅल्युमिनियमचा कागद, गरम पाणी आणि खाण्याचा सोडा हा घरगुती उपाय अधिक निरुपद्रवी समजला जातो. त्यात सल्फाइडचे रूपांतर पुन्हा चांदीत होते हे खरे, पण ही परतलेली चांदी मूळच्या घट्ट पृष्ठभागासारखी नसते. ती सच्छिद्र व निस्तेज असते.

तरीही सराफी परंपरेला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. ती धातूच्या शुद्धतेची परंपरा आहे आणि तिच्या दृष्टीने नाणे हा धातूचा विश्वसनीय तुकडा आहे. 'कलदार' रुपयावरचा लोकांचा विश्वास मुळात त्याच्या चांदीवरचा विश्वास होता. दोष परंपरेचा नसून ती ज्या वस्तूसाठी नाही त्या वस्तूला लावण्याचा आहे.

४. प्रतवारीच्या मोजपट्टीची चिकित्सा

आज जगभर वापरली जाणारी एक ते सत्तर गुणांची श्रेणी विल्यम शेल्डन या अमेरिकी अभ्यासकाने १९४९ मध्ये मांडली. ती मुळात अमेरिकेच्या आरंभीच्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी होती आणि तिचा हेतू किंमत ठरविण्याचा होता : सत्तर गुणांचे नाणे एक गुणाच्या नाण्याच्या सत्तरपट मोलाचे, असे ते गणित होते. किमतीचे हे गणित पुढे टिकले नाही, श्रेणी मात्र टिकली. १९८६ व १९८७ मध्ये अमेरिकेत पीसीजीएस व एनजीसी या संस्थांचे काम सुरू झाल्यावर नाणे तपासून, गुण देऊन, पारदर्शक डबीत सीलबंद करण्याची पद्धत रूढ झाली.

या पद्धतीचे गुण नाकारता येत नाहीत. विक्रेता आणि ग्राहक यांच्याबाहेरचा तिसरा पक्ष नाणे पाहतो. बनावट नाणी मोठ्या प्रमाणात उघडकीस येतात. घासलेल्या नाण्याला गुण न देता केवळ त्याच्या तपशिलाची नोंद केली जात असल्याने अविचारी स्वच्छतेला आळा बसतो. या बाबतीत प्रतवारीने जे साधले ते उपदेशाने साधले नसते. तथापि तिच्यावर तीन आक्षेप घेता येतात.

पहिला आक्षेप असा की दंड स्वच्छतेला नसून स्वच्छता दिसण्याला आहे. द्रावणात क्षणभर बुडवून लगेच धुतलेले, चमक शाबूत राहिलेले नाणे व्यवहारात पूर्ण गुण मिळवू शकते. तेच काम थोडे अधिक झाले तर ते 'अयोग्य रीतीने स्वच्छ केलेले' ठरते. दोन्ही नाण्यांवर एकच क्रिया झालेली असते. अशा नियमातून संयम शिकला जात नाही, कौशल्य शिकले जाते. त्यात भर म्हणजे दोन्ही प्रमुख संस्थांशी संलग्न अशा नाणे-संवर्धनाच्या सशुल्क सेवा आहेत. प्रशिक्षित हातांनी केलेले संवर्धन आणि घरातील घासणे यांत फरक आहेच. परंतु दोष ठरविणारा आणि दोष दूर करण्याचे शुल्क घेणारा एकाच छत्राखाली असणे, हे तत्त्वतः तपासण्याजोगे आहे.

दुसरा आक्षेप मोजपट्टीच्या मुळाविषयी आहे. यंत्रावर पाडलेल्या, एकसारख्या नाण्यांसाठी तयार झालेली ही श्रेणी हाताने पाडलेल्या मोगल, निजामशाही किंवा भोसल्यांच्या रुपयांना जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथे ठसा नाण्यापेक्षा मोठा असतो आणि प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळा भाग उमटतो. अभ्यासकाला टांकसाळीचे नाव व सनाचा आकडा दिसणारे झिजलेले, डागाळलेले नाणे अधिक मोलाचे वाटते. गुण मात्र ती अक्षरे नसलेल्या चकचकीत नाण्याला अधिक मिळू शकतात.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. या भूमीत नाण्याने जे आयुष्य घालविले त्याच्या खुणा या पद्धतीत हानी म्हणून नोंदल्या जातात. मोगल रुपयांवर सराफांनी पारखताना उमटविलेल्या बारीक छापा आढळतात. त्या नाण्याच्या प्रवासाचा आणि त्यावरील विश्वासाचा दस्तऐवज आहेत. रुपयाला डाखाने नाके जोडून त्याचा हार गळ्यात घालण्याची रीत बंजारा समाजात आणि इतरत्रही होती. नाके काढल्यावर राहिलेला डाखाचा डाग हा एका स्त्रीधनाचा पुरावा असतो. पूजेतील रुपयावर खाचेत राहिलेले कुंकू हे त्या घरातील लक्ष्मीपूजनांच्या मालिकेचे चिन्ह असते. प्रतवारीत या सर्वांची बेरीज एका उणे शेऱ्यात होते. शेऱ्याच्या भीतीने माणूस त्या खुणा पुसायला निघाला, तर गुणही मिळत नाहीत आणि इतिहासही उरत नाही.

येथे कापसाच्या प्रतवारीशी तुलना उद्बोधक ठरेल. शेतकरी विक्रीपूर्वी कापसातील काडीकचरा, पालापाचोळा वेचतो. त्याला कोणी अप्रामाणिक म्हणत नाही, कारण कचरा हा कापूस नव्हे. मात्र वजन वाढावे म्हणून पाणी मारले तर ती लबाडी ठरते, कारण त्यात मालाचे स्वरूपच बदलते. नाण्यालाही हाच विवेक लावता येतो. जे नाण्याचे नाही ते काढणे ही वेचणी होय. जे नाण्याच्या धातूतून आले आहे ते काढणे हा स्वरूपातील बदल होय.

५. कायद्याची बाजू

प्रतवारीच्या चर्चेत कायद्याचा विचार क्वचितच होतो. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून कमी नाही इतके जुने नाणे हे पुरावशेष ठरते. पुरावशेषाची निर्यात केंद्र शासन किंवा त्याने अधिकृत केलेली यंत्रणा यांखेरीज कोणालाही करता येत नाही. याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. व्हिक्टोरिया राणीचे आणि सातव्या एडवर्डचे सर्व रुपये, तसेच पंचम जॉर्जचे १९११ ते १९२२ या काळातील रुपये आज शंभर वर्षांपलीकडचे आहेत. मोगल व मराठाकालीन नाण्यांविषयी तर प्रश्नच नाही. ती प्रतवारीसाठी परदेशी धाडण्याचा मार्ग खाजगी व्यक्तीला खुला नाही. घरातील बहुतेक जुन्या रुपयांच्या बाबतीत, परदेशातून मिळणाऱ्या गुणांसाठी डाग काढण्याचा खटाटोप मुळातच निराधार ठरतो.

पुरलेल्या नाण्यांना निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो. जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. निधीची ओळख लपावी अशा रीतीने त्यात बदल करणे किंवा तसा प्रयत्न करणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा आहे. शेतातील मडक्यात मिळालेल्या रुपयांवरची माती व क्षार घाईने काढून ते 'आजोबांच्या पेटीतले' म्हणून विकणे त्यामुळे केवळ नाणकशास्त्रीय चूक राहत नाही.

कायद्याचीही एक मर्यादा नोंदविली पाहिजे. शासनाने असा निधी स्वतःकडे घेतल्यास द्यावयाचा मोबदला धातूचे मूल्य अधिक त्याचा पाचवा हिस्सा असा ठरलेला आहे. १८७८ च्या कायद्याच्या लेखी नाणे म्हणजे धातूचे वजन, तर प्रतवारीच्या लेखी पृष्ठभागाची अवस्था. पुरावा म्हणून त्याचे मोल दोन्हीकडे मोजले जात नाही. ते मोल किती असू शकते याचे उदाहरण वऱ्हाडातच आहे. १९३९ मध्ये मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या नाण्यांचा दीड हजारांवर नाण्यांचा साठा मिळाला. ती चांदीची नव्हती, पोटीन या हलक्या मिश्रधातूची होती आणि धातू म्हणून त्यांना किंमत नव्हती. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांवरील अक्षरे वाचून पुराणांच्या याद्यांत न आढळणारी राजनामे उजेडात आणली. साठा एकत्र राहिला आणि अक्षरे वाचण्यापुरती शाबूत राहिली, म्हणून हे शक्य झाले.

६. प्रतवारीपूर्व व्यवहाराचे स्वरूप

वरील चिकित्सेवरून काही व्यवहार्य तत्त्वे निष्पन्न होतात. कोणत्याही उपायापूर्वी नाण्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, वजन नोंदवावे आणि ते कोठून, कोणाकडून, कोणत्या वापरातून आले हे लिहून ठेवावे. नोंद झालेला डाग पुढे गेला तरी त्याची माहिती उरते.

त्यानंतर डाग बाहेरचा की धातूचा हे ठरवावे. तेल, कुंकवाचा स्निग्ध अंश, गोंद, पीव्हीसीचा ताजा चिकटपणा हे बाहेरचे होत. यांसाठी प्रथम ऊर्ध्वपातित पाण्यात आणि नंतर शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणे काही काळ भिजत ठेवणे पुरेसे असते. अॅसिटोन चांदीवर क्रिया करीत नाही. ते स्निग्ध द्रव्य विरघळवते. मात्र ते ज्वालाग्राही असल्याने काचेच्या भांड्यात, मोकळ्या हवेत, देवघरातील समई वा चुलीपासून दूर वापरावे. नाणे बोटांनी वा कापडाने चोळू नये, कडेला धरून उचलावे आणि आपोआप वाळू द्यावे. नळाचे वा विहिरीचे पाणी टाळावे. खारपाणपट्ट्यात हे विशेष महत्त्वाचे, कारण ज्या क्षारांमुळे डाग पडतात तेच तेथील पाण्यातून नाण्यावर जातात.

एवढ्याने जो डाग हलत नाही तो बहुधा धातूचा असतो आणि तेथे थांबावे. समान पसरलेला सोनेरी, निळसर वा काळपट रंग हा दोष मानण्याचे कारण नाही. स्वाभाविक रंगछटा प्रतवारीतही सहसा गुण कमी करीत नाहीत, क्वचित वाढवितात. हिरवी भुकटी वाढत असेल, पृष्ठभाग फुगत वा सोलत असेल, किंवा नाणे जमिनीतून आलेले असेल तर ते काम प्रशिक्षित संवर्धकाचे आहे. भारत सरकारने सांस्कृतिक संपदेच्या संवर्धनासाठी लखनौ येथे १९७६ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. अशा संस्थांच्या कार्यपद्धतीचे मूलसूत्र किमान हस्तक्षेप हेच असते. शेवटी साठवण : पीव्हीसीमुक्त पाकीट, आम्लमुक्त कागद, ओल शोषणारे सिलिका जेल आणि रबर व लोकर यांपासून अंतर. नवे डाग पडू न देणे हाच सर्वांत निर्धोक उपाय होय.

निष्कर्ष

१. चांदीच्या नाण्यावरील डागांचा विचार 'कसा काढावा' येथून न होता 'तो कोणाचा आहे' येथून झाला पाहिजे. बाहेरचा डाग काढण्यास हरकत नाही. धातूतून उद्भवलेला डाग हा नाण्याचाच भाग आहे.

२. सराफी उजाळा दागिन्यासाठी योग्य असला तरी नाण्यासाठी अपायकारक आहे. दोन्ही वस्तू एकाच धातूच्या असल्याने हा भेद नजरेआड होतो.

३. व्यावसायिक प्रतवारीने अविचारी स्वच्छतेला आळा घातला. परंतु तिचा निकष दिसण्याचा असल्याने कुशल स्वच्छता तिच्या कक्षेतून सुटते आणि वापराच्या अस्सल खुणा दोष ठरतात.

४. शंभर वर्षांपलीकडील नाणी खाजगीरीत्या परदेशी धाडता येत नसल्याने, बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातील घरगुती रुपयांच्या बाबतीत प्रतवारीपेक्षा नोंदीला प्राधान्य मिळणे युक्त आहे.

५. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व रसायनशास्त्र विभागांनी एकत्र येऊन कुटुंबांकडील रुपयांची, त्यांवरील छापा, डाख, कुंकू व रंगछटांसह नोंद करण्याचा उपक्रम हाती घेतल्यास त्याला नाणी ताब्यात घेण्याची वा त्यांना हात लावण्याचीही आवश्यकता पडणार नाही. छायाचित्र, वजन आणि घरातील ज्येष्ठांनी सांगितलेली माहिती एवढ्यावर तो उभा राहू शकतो. अशा नोंदी झाल्याशिवाय प्रत्येक दिवाळीपूर्वीच्या घासण्यात या जिल्ह्याच्या आर्थिक व सामाजिक इतिहासाचा थोडा थोडा भाग नाहीसा होत राहील.